राग गेल्याचं पाणी

१

आमच्या मंडळीत रागावर रात्र काढायची परवानगी नाही. कोणाचं कोणाशी वाजलं, की ज्याला राग आला त्याने दिवस मावळायच्या आत समोरच्याच्या घरी जायचं, दारात उभं राहून पाणी मागायचं, ते प्यायचं आणि म्हणायचं, माझा राग गेला. समोरच्याने म्हणायचं, देवाची स्तुती असो. एवढं झालं की गोष्ट संपली. ती पुन्हा कोणी काढायची नाही. बोरिंगवर नाही, नवऱ्याजवळ नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही.

हा रिवाज पास्टर विनोदभाऊंनी घातला. ते बल्लारपूरकडचे. माणूस सरळ आहे, पोटतिडकीने बोलतो. त्यांचं म्हणणं असं, की राग घेऊन माणूस झोपला की सैतानाला घरात बसायला जागा होते, आणि एकदा बसला की तो सहजी उठत नाही. पाणी प्यायल्यावर जो तीच गोष्ट परत उकरून काढतो, त्याचं तोंड माणसाचं असलं तरी आतून बोलणारा तो असतो. हे आम्ही इतक्या रविवारी ऐकलं आहे, की लहान पोरंही भांडताना एकमेकांना सैतान म्हणून गप्प करतात.

ब्रह्मपुरीहून जीप पकडली, की धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथे आमचं गाव. विश्वासी, म्हणजे येशूला मानणारी, घरं मोजकीच. बाकीचं गाव आम्हाला पाणीवाले म्हणून हसतं, पण कोंबड्यांवरून, शेताच्या धुऱ्यावरून, चहाडीवरून होणारी भांडणं या पाण्याने मिटलेली मी स्वतः पाहिली आहेत. रिवाज वाईट नाही. पाण्याने काय धुवायचं आणि काय नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तो पास्टरभाऊंना विचारायची कोणाची छाती होत नाही.

मी नूतन. गावात ब्लाऊज शिवते. माझा नवरा लटारू तापाने गेला त्याला बरीच वर्षं झाली. मयुरी माझी धाकटी बहीण, आणि जाऊही तीच, कारण आम्ही दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या. घर एकच होतं. मधे विटांची भिंत घालून दोन केली, पण भिंत आढ्यापर्यंत नेली नाही, वर छपराचे कवेलू दोन्ही घरांवर सलग आहेत. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागतो. मयुरीचा नवरा गोपाल बल्लारपूरला कामाला असतो आणि सुट्टी मिळाली तर येतो. तिला मूल नाही. मला एक होतं.

अंकुश ब्रह्मपुरीला कॉलेजात जायचा. चैत्रात मोह पडायला लागला तेव्हा मयुरी त्याला पहाटे सोबत घेऊन गेली. आम्ही फुलं वेचून व्यापाऱ्याला देतो, दारूचं नाव काढत नाही. तिने जवळचं झाड घेतलं आणि त्याला नाल्यापलीकडच्या मोठ्या मोहाकडे पाठवलं, तिकडे फुलं जास्त म्हणून. तिची टोपली भरली तशी ती घरी आली. मी विचारलं, पोरगा कुठे आहे, तर म्हणाली, येत असेल मागून. मग तिने चहा ठेवला. वनखात्याच्या माणसांना तो दुपारी सापडला. आमच्या भागात याहून जास्त सांगावं लागत नाही, वाघ कोणालाही नेतो.

तिने त्याला पाठवलं म्हणून मला राग नाही, मीही पाठवलं असतं. घरी निघताना तिने वळून एक हाक मारली नाही, याचा राग आहे. पोराचं नाव घ्यायला किती वेळ लागतो?

त्याला मातीत ठेवलं त्याच आठवड्यात पास्टरभाऊ मला मयुरीच्या दाराशी घेऊन गेले. सगळी मंडळी अंगणात उभी होती. मयुरीने पेला आणला. मी प्यायले, आणि जे म्हणायचं ते म्हटलं. पाणी पोटात गेलं आणि राग जिथे होता तिथेच राहिला. त्या दिवसापासून माझ्या मुलाबद्दल माझ्या बहिणीशी एक शब्द बोलायची मला बंदी झाली, आणि ती बंदी माझ्याच तोंडाने मी घालून घेतली होती.

२

धान कापणीला आलं तेव्हाची गोष्ट. बोरिंगवर मयुरी माझ्यासाठी दांडा हाणत होती. ती तसं रोजच करायची आणि मी करू द्यायची. बोलणं कामापुरतं. त्या दिवशी ती हसली. काल संध्याकाळी मी येऊन बसले त्याने तिला फार बरं वाटलं, कित्येक महिन्यांनी झोप लागली, असं म्हणाली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. दोन वाक्यांत तिने चारदा बाई म्हटलं.

मी काही तिच्याकडे गेले नव्हते. लग्नसराई तोंडावर होती, मशीनवरून उठायची सवड नव्हती. मी तिला तसं सांगितलंही नाही. मला वाटलं, स्वप्न पडलं असेल, आणि स्वप्नात तिला माझी माफी मिळत असेल तर ती तिथेच मिळू दे. जागेपणी मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हणे तिच्या चुलीजवळ बसून पाणी प्यायले आणि लहानपणीचं बोलले. मग समोरच्या कमळाबाईने, अंगणात सुपात तांदूळ पाखडता पाखडता, मला शाबासकी दिली. आता सांजेला बहिणीकडे जाऊन बसतेस, बरं करतेस, रक्ताचं नातं आहे. कमळाबाई आमच्यातली नाही. तिला आमच्या पाण्याशी आणि सैतानाशी काही देणंघेणं नाही, खोटं बोलून तिचा काय फायदा?

मी मनाशी हिशेब मांडला. कमळाबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला कोणतीही बाई नूतन दिसू शकते. मयुरी एकटी असते, मनाने खचलेली आहे. आणि मी स्वतः बीपीची गोळी घेते, घेतल्यावर जरा सुन्न वाटतं. मीच उठून जात असेन आणि विसरत असेन, असंही झालं असेल. हे शेवटचं मला आवडलं नाही, म्हणून मी तपासून पाहिलं. संध्याकाळी हाताशी होतं ते काम उलगडून बघितलं. हुक लावलेले, काज केलेले, दोरा तोडलेला, टाके माझे. दिवेलागणीला मी मशीनवरच होते. कपडा खोटं बोलत नाही.

३

दुसऱ्या दिवशी ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तसं मी मशीन थांबवलं. पायाखालचं पायडल थांबलं की घर एकदम मोठं वाटतं. बाहेर कोणीतरी बैल हाकत होतं, भुशाची धूळ दारातून आत येत होती. मयुरीच्या घरात मडक्यावरचं झाकण वाजलं. ओगराळं आत गेलं, पाणी पेल्यात पडलं. मग पिण्याचा आवाज, घोट घोट, घाई नसलेला. पेला जमिनीवर ठेवला गेला.

त्यानंतर दोन बायका बोलायला लागल्या. एक मयुरी. दुसरा आवाज मला ओळखीचा वाटेना, तरी कुठेतरी ऐकलेला होता. मी भिंतीला कान लावला तेव्हा कळलं. ब्लाऊज तयार झाला की मी गिऱ्हाइकांना मोबाईलवर आवाजात निरोप पाठवते, आणि बरोबर गेला का म्हणून एकदा ऐकते. तो आवाज. आपला आवाज आपल्याला आतून वेगळा ऐकू येतो, बाहेरून तो असा असतो, जरा पातळ आणि नाकातला. भिंतीपलीकडे मी बोलत होते.

ती गोड बोलत होती. मयुरीला आंघोळ घालताना आई कोणतं गाणं म्हणायची ते तिला माहीत होतं. मग अंकुशचं निघालं. तो तुझ्यावर रागावला नाही, ती म्हणाली. तो म्हणतो, मावशीला माझी आठवण येत असेल, तिला भेटावंसं वाटत असेल. मयुरी रडत होती आणि हो हो म्हणत होती.

माझ्या अंगावर काटा आला हे खरं आहे. पण त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं, तेही सांगते. महिनोन् महिने त्या घरात अंकुशचं नाव निघालं नव्हतं आणि आता कोणीतरी ते काढत होतं. मयुरी रडत होती, आणि ते मला ऐकायला हवं होतं. कपडा फाडल्यावर टर्र आवाज होतो तसं आतून काहीतरी मोकळं झालं. मी खाली बसले, पाठ भिंतीला लावून, आणि अंधार पडेपर्यंत ऐकत राहिले. उठून पलीकडे जायला चार पावलं लागली असती. येशूचं नाव घ्यायला त्याहून कमी.

त्यानंतर संध्याकाळ झाली की मी मशीन आपणहून थांबवायला लागले.

४

मयुरी वाळत चालली होती. गालफडं बसली, पातळाच्या दोन निऱ्या जास्त पडू लागल्या. तिने मला ब्लाऊज आवळून मागितला तेव्हा मी माप घेतलं आणि टेप हातात धरून उभीच राहिले. ती जेवत नव्हती. संध्याकाळी मीच तिला सांगितलं होतं म्हणे, उपासाने प्रार्थना लवकर पोचते.

मग मी पास्टरभाऊंकडे गेले. सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की सैतान ओळखीच्या माणसाचं रूप घेतो का, आणि घेतलं तर काय करायचं. त्यांना बरं वाटलं, असे प्रश्न त्यांना फार कमी जण विचारतात. त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट सांगितलं. त्याच्याशी वाद घालायचा नाही, कारण तो आपल्यापेक्षा जुना आहे आणि त्याला शास्त्र पाठ आहे. त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. समोर उभं राहायचं, उजवा हात पुढे करायचा, प्रभूच्या नावाने त्याला जायला सांगायचं. विश्वासाने अडवलं तर तो थांबत नाही, पळतो. त्याला पळावंच लागतं, तो नियम आहे. आणि मुख्य म्हणजे त्याला बसायला जागा ठेवायची नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते मूर्ख नाहीत.

“नूतनबाई, मयुरीबद्दल तुमच्या मनात काही राह्यलं तं नाई?”

तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी आता करत नाही. मंडळीसमोर प्यायलेलं पाणी होतं. राग आहे म्हणाले असते तर मी खोटी ठरले असते, आणि गोष्ट परत काढणारी ठरले असते, म्हणजे काय ते मंडळीतल्या लहान पोरांनाही माहीत आहे. मी म्हटलं, काही नाही, राग गेला.

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग तुमच्या बाजूने दार बंद आहे, ते म्हणाले, म्हणजे जागा तिकडेच कुठेतरी झाली असणार. येत्या रविवारी मयुरीवर हात ठेवून प्रार्थना करू. त्यांनी ते मनापासून म्हटलं. मी मान हलवली आणि घरी आले. माझ्या बहिणीच्या नावावर सैतान लिहून मी चपला दारात काढल्या आणि भात टाकला.

५

रविवारपर्यंत थांबायची वेळच आली नाही. शुक्रवारी सकाळी मयुरी बोरिंगवर आली ती नवं पातळ नेसून, निळं. केस विंचरलेले. दांडा हाणायला तिच्यात बळ नव्हतं, मीच हाणला. ती पाण्याकडे बघत म्हणाली, “आज जाऊ ना मग, बाई? दिवस खाली जायच्या आत. तूच म्हणलीस, त्या मोहाखाली जाऊन प्रार्थना करू, अंकुश वाट पाहून राह्यला.”

माझे हात सुटले. दांडा वर जाऊन आपटला. ऐकत बसण्यातलं जे काही सुख होतं ते तिथल्या तिथे सरलं, आणि खाली निव्वळ भीती उरली. माझी बहीण जाणार होती. माझ्याच शब्दाखातर त्या झाडाखाली जाऊन बसणार होती, आणि हे मी भिंतीआडून होऊ दिलं होतं. मी तिचं मनगट धरलं. सांगितलं, संध्याकाळी येते ती मी नाही, मी एकदाही आले नाही, तू कुठेही जायचं नाहीस. ती घाबरेल असं मला वाटलं. ती घाबरली नाही, समजुतीने हसली.

“तू सांगितलंच होतंस. दिवसा मी काईबाई बोलीन, ते मनावर घेऊ नोको म्हणून.”

मी तिला घरात घातलं, बाहेरून कडी लावली आणि दुपारपासून तिच्या ओट्यावर शिवण घेऊन बसले. आतून भजन गुणगुणल्याचा आवाज येत होता. ऊन पिवळं पडायला लागलं. तेवढ्यात चिमूरहून नवरीची आई ब्लाऊज न्यायला आली, तिला जीप गाठायची होती. मी माझ्या घरात गेले, कपाटातून गठ्ठा काढला, तिचा ब्लाऊज शोधला, पिशवीत घातला. याहून जास्त काही नाही. बाहेर आले तर मयुरीच्या दाराची कडी काढलेली होती. घर रिकामं. चुलीजवळ एक पेला उपडा ठेवलेला होता.

कमळाबाई आपल्या अंगणात उभी होती. ती माझ्याकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत होती.

“तू कशी इथी व?” ती म्हणाली. “आत्ताच तं तुम्ही दोघी बहिणी नाल्याकडे गेल्या.”

मी पळाले. या वयात माझ्याने पळवत नाही, तरी पळाले. कापलेल्या बांध्यांमधून, धसकटं पायांना टोचत होती, एक चप्पल कुठे राहिली कळलं नाही. नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडे वनखात्याची पाटी आहे, आत जाऊ नये अशी, तिथून झाडी सुरू होते. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता आणि सगळीकडे ते तांबडं ऊन होतं ज्यात लांबचं स्पष्ट दिसतं.

त्या पायवाटेवर होत्या. मयुरी निळ्या पातळात, आणि तिच्या डाव्या बाजूला दुसरी. तिने तपकिरी स्वेटर घातला होता. मी माझ्या अंगाकडे पाहिलं, माझा स्वेटर माझ्या अंगात होता. तिने पदर डोक्यावरून डाव्या कानामागे खोचला होता, मी खोचते तसा. चालताना ती उजवा पाय जरा उशिरा उचलत होती, पायडल मारून मारून माझा गुडघा तसा झाला आहे.

मी मयुरीला हाक मारली. मोठ्याने मारली, घसा फाटेपर्यंत.

मयुरी वळली. दुसरी वळली नाही. ती तशीच पाठमोरी थांबली, दुकानात आधीच्या गिऱ्हाइकाचं बोलणं संपायची वाट पाहत बाई उभी राहते तशी. मयुरीने मला पाहिलं, मग आपल्या शेजारी पाहिलं. ती एक पाऊल मागे सरकली, दुसरीच्या बाजूला.

मला तिला घरी न्यायचं होतं. देवाशपथ सांगते, दुसरं काही मनात नव्हतं. मी तिला पटवायला तोंड उघडलं. मी खरी आहे हे तिला कळावं असं एखादं खरं वाक्य हवं होतं, आणि माझ्याजवळ खरं असं एकच होतं.

“माझा राग गेला नाई, मयुरी,” मी म्हणाले. “त्या दिवशी मी पाणी पेली, पण खोटं बोलली. तू त्याले एक हाक काऊन नाई मारली? एक हाक.”

म्हणता म्हणता माझा आवाज चढला. महिने साचलेलं होतं, ते त्या जंगलाच्या तोंडाशी बाहेर पडलं, आणि मी थांबवायला गेले तरी थांबेना. मी तिच्या दिशेने चालत होते, हात पुढे केलेले. मला तिला धरायचं होतं. तिला ते कसं दिसलं असेल ते मला माहीत आहे. तिच्या एका बाजूला शांत उभी असलेली बहीण होती, आणि समोरून तेच तोंड घेऊन कोणीतरी ओरडत येत होतं, पाणी पिऊन संपवलेली गोष्ट उकरून काढत.

मयुरी रडत होती, पण डगमगली नाही. आम्हाला शिकवलं होतं तसंच तिने केलं. उजवा हात पुढे केला, तळवा माझ्याकडे.

“येशूच्या नावानं सांगतो,” ती म्हणाली, “सैताना, मांगं हो.”

दुसरीने तेव्हा पहिल्यांदा हालचाल केली. तिने न वळता मयुरीच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताच्या मधल्या बोटात माझं टोपण होतं, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते. एवढंच मी पाहिलं, कारण पुढच्या क्षणी मी पळत होते.

घाबरून पळाले असं कोणी म्हणेल. मी घाबरले नव्हते, मला पुढे जायचं होतं. मी पुढे जायला निघाले आणि पाय मागे गेले. पाटीच्या अलीकडे, नाल्यातून, बांध्यांमधून, गावाकडे. मी झाडं धरायला हात टाकले आणि हातात पानं राहिली. ओरडायला गेले तर तोंडातून श्वासाशिवाय काही येईना. घरात शिरून मशीनशी येऊन बसले तेव्हा पाय थांबले, आणि तोवर अंधार झाला होता.

६

गावाने शोधलं. त्या रात्री टॉर्च घेऊन, मग दिवसा, वनखात्याची माणसं आणि त्यांच्यासोबत पलीकडच्या टोल्यावरचा, छोट्या वस्तीवरचा, जंगूभाऊ, ज्याला जंगलातली प्रत्येक वाट ठाऊक आहे. मोठ्या मोहाखाली काही नव्हतं. कापडाची चिंधी नाही, रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही. जंगूभाऊने जमीन पाहिली आणि म्हणाला, वाघ इकडे फिरकलाच नाही. तो म्हणाला की एकाच बाईची पावलं झाडापर्यंत जातात. तिथून पुढे कुठे जातात, ते त्याने सांगितलं नाही. तो लवकर घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी बोलावूनही आला नाही.

कमळाबाईने सगळ्यांना सांगितलं, की दोघी बहिणी गेल्या आणि एकच परत आली. तिने पाहिलं तेच ती सांगत होती. पोलिसांनी मला विचारलं, मीही पाहिलं तेच सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मला पाणी विचारलं. गोपाल बल्लारपूरहून आला आणि तिच्या दारात बसून राहिला. तो माझ्याकडे बघतही नव्हता.

रविवारी प्रार्थनाघरात मी मागे बसले. कोणी माझ्या शेजारी बसलं नाही. उपदेश झाला नाही. पास्टरभाऊ पुढून चालत माझ्यापर्यंत आले. ते खंगल्यासारखे दिसत होते, झोपले नसावेत. त्यांनी सगळ्यांसमोर मला पुन्हा तेच विचारलं, आणि या वेळी त्यांना उत्तराची भीती वाटत होती.

“नूतनबाई, देवाले स्मरून सांगा. मयुरीबद्दल तुमच्या मनात राग आहे का?”

मला आहे म्हणायचं होतं. मी ठरवून आले होते की आज सगळ्यांसमोर खरं सांगायचं, मग ते मला काय म्हणायचं ते म्हणोत. मी बोलायच्या आधी तो राग चाचपून पाहिला. चैत्रापासून तो छातीच्या खाली असायचा, पायडल मारताना, भाकरी थापताना, झोपेत कूस बदलताना. मी अंकुशची टोपली आठवली. चुलीवरचा तिचा चहा आठवला. न मारलेली हाक आठवली. आत काही हललं नाही. सारवून ठेवलेल्या खोलीसारखं सगळं स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छपणात माझी बहीण कुठेच नव्हती. मी मुठी आवळून शोधत राहिले. थोडासा जरी सापडला असता, तर तिला अजून माघारी फिरवता आलं असतं.

सगळे वाट पाहत होते. गोपालने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“नाई,” मी म्हणाले. “राग गेला.”

पहिल्यांदाच ते खरं होतं, आणि खरं बोलल्यावर माणसाचा आवाज कसा येतो ते त्यांना ऐकू आलं असावं. पास्टरभाऊंनी डोळे मिटले. मग सगळ्या मंडळीने मिळून देवाची स्तुती असो म्हटलं, आणि गोपालनेही म्हटलं.